शिखरे मोजावी कशी?

दिवाळीची सुट्टी संपून हवेत गारवा आला, की आपल्याकडे पदभ्रमणाचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात निसरड्या झालेल्या वाटा वाळतात, धुके विरते आणि लांबचे डोंगर स्वच्छ दिसू लागतात. मग शनिवार-रविवार पाठपिशव्या बाहेर निघतात. होळीच्या सुमारास ऊन तापू लागले, की हंगाम आटोपतो आणि वर्गात हिशेब निघतो. कुणी म्हणतो, "माझी यंदा नऊ शिखरे झाली." लगेच दुसरा म्हणतो, "माझी बारा!"

हा हिशेब ऐकून नाक मुरडणारी वडीलधारी माणसे पुष्कळ आहेत. डोंगरावर जावे ते निसर्ग पाहायला, आकडे फुगवायला नाही, असे ती म्हणतात. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. मोजण्यात वाईट काहीच नाही. पाऊस मोजला म्हणून अवर्षण कुठे पडले ते कळते, पक्षी मोजले म्हणून ते घटले की वाढले ते कळते. मग शिखरांनीच काय घोडे मारले आहे? माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही मोजता हे ठीक. पण मोजता ते फार ढिसाळपणे. 'नऊ शिखरे' म्हणजे नऊ काय, हे तुम्हांला सांगता येईल का?

पुरंदर घ्या. पुरंदर आणि वज्रगड हे एकाच डोंगराचे दोन माथे, मध्ये भैरवखिंड. एका दिवसात दोन्ही पाहून आलात, तर वहीत एक लिहायचे की दोन? लोहगड आणि विसापूर यांच्यामध्ये गायमुख खिंड आहे; तिथे काय कराल? राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला फिरून आलेला एखादा चतुर विद्यार्थी एका दिवसात चार शिखरे वहीत चढवील, आणि त्याला खोटे म्हणायला तुमच्याजवळ काही आधार नसेल. सिंहगडावर मोटारीने गेले तर? महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट तोरण्याहून उंच आहे, पण तिथे जायला मोटारीतून उतरून चार पावले टाकली की झाले. बारा शिखरांवाला आणि नऊ शिखरांवाला यांच्यात पुढे कोण, हे या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ठरणार नाही. ती उत्तरे हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवायची असतात, संपल्यावर नव्हे. संपल्यावर ठरवलेला नियम नेहमी ठरवणाऱ्याच्या सोयीचा निघतो!

शिखरे मोजण्याचा छंद जिथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्या स्कॉटलंडची हकिकत यासाठी ऐकण्यासारखी आहे. स्कॉटलंडचे डोंगर फार उंच नाहीत. त्यांतला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) ३०१ मीटरांनी ठेंगणा. सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली तिथल्या गिर्यारोहण संस्थेच्या नियतकालिकात एक यादी छापली. ३००० फुटांहून उंच अशी स्कॉटलंडमधली सर्व शिखरे तीत होती. तोवर प्रचलित मार्गदर्शिका वाचणाऱ्यांना अशी शिखरे तीसएक असावीत असे वाटे. मन्रो यांच्या यादीत निघाले २८३ स्वतंत्र डोंगर, आणि उपशिखरे धरून एकूण ५३८ माथे. नकाशे चाळून, स्वतः हिंडून, खिशात वायुभारमापक बाळगून त्यांनी ही यादी केली होती. आज त्या शिखरांना 'मन्रो' असेच म्हणतात आणि ती सगळी चढून होणे हा तिथल्या हजारो लोकांचा आयुष्यभराचा छंद आहे.

आता गंमत पाहा. 'स्वतंत्र डोंगर' म्हणजे काय, हे मन्रो यांनी कुठेच नेमके सांगितले नाही! कोणता माथा डोंगर आणि कोणता नुसते उपशिखर, हे त्यांनी अनुभवी नजरेने ठरवले. परिणाम असा झाला, की यादी कधी स्थिर राहिलीच नाही. १९२१ साली मन्रोंची संख्या २७६ झाली, १९८४ साली २७७, १९९७ साली २८४, आणि २०१२ पासून ती २८२ आहे. डोंगर काही जमिनीत गेले नाहीत, की नवे उगवले नाहीत. बदलली ती मोजणाऱ्यांची दृष्टी आणि मोजण्याची साधने.

साधनांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ३००० फूट म्हणजे बरोबर ९१४.४ मीटर. 'फेरीवाल्यांचे शिखर' अशा अर्थाचे नाव असलेला एक मन्रो उपग्रहांच्या साहाय्याने काटेकोर मोजला, तेव्हा तो ९१३.४३ मीटर भरला. २००९ साली त्याचे नाव यादीतून गेले. 'तलवारीचा डोंगर' अशा अर्थाचे नाव असलेला दुसरा भरला ९१३.९६ मीटर. म्हणजे कमी पडले ते केवळ ४४ सेंटिमीटर, तुमच्या हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर! २०१२ साली तोही गेला. एवढ्याशा अंतरासाठी एक डोंगर बाद करणे हास्यास्पद वाटते ना? मला वाटत नाही. रेषा कुठे ओढायची हे आपल्या मर्जीवर असते. ३००० हा आकडा डोंगराने निवडलेला नाही, माणसाने निवडला आहे. पण एकदा ओढलेली रेषा आवडत्या डोंगरासाठी खाली सरकवली, तर मग रेषा ओढण्यात अर्थच उरत नाही.

पुढे कॉर्बेट नावाच्या एका गिर्यारोहकाने (आपल्या ओळखीचे शिकारी जिम कॉर्बेट हे नव्हेत) २५०० ते ३००० फूट उंचीच्या डोंगरांची यादी केली. त्याने मात्र नियम स्पष्ट ठेवला. माथ्याभोवती सर्व बाजूंनी निदान ५०० फुटांचा उतार हवा, तरच तो डोंगर स्वतंत्र. या नियमामागची कल्पना नीट समजून घ्या, कारण तुमच्या पुरंदर-वज्रगडाचे उत्तर तिच्यातच आहे. एखाद्या शिखरावर उभे राहून स्वतःला विचारा: याहून उंच असलेल्या दुसऱ्या कोणत्याही जागी मला चालत जायचे असेल, तर वाटेत कमीत कमी किती खाली उतरावे लागेल? त्या उतरणीलाच आपण 'खिंडीपासूनची उंची' म्हणू. ही उंची भरपूर असेल तर शिखर स्वतंत्र. अगदी थोडी असेल तर ते शेजारच्या मोठ्या डोंगराच्या खांद्यावरचा उंचवटा.

एव्हरेस्टचे उदाहरण घेतले म्हणजे हे पटेल. एव्हरेस्टचे दक्षिण उपशिखर ८७०० मीटरांहून उंच आहे. जगात दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून आपण जे के-टू शिकतो, ते ८६११ मीटर. मग दक्षिण उपशिखराला दुसरा क्रमांक का नाही? कारण ते आणि मुख्य माथा यांच्यामधली खाच जेमतेम दहा-बारा मीटरांची आहे. तेवढी खाच ओलांडली की आपण पुन्हा त्याच डोंगरावर असतो. भूगोलाच्या पुस्तकातला क्रमांकसुद्धा अशा एका व्याख्येवर उभा असतो, हे आपल्याला कुणी सहसा सांगत नाही.

शिखराचे झाले. आता 'हिवाळ्यात' या शब्दाकडे वळू. हा शब्द तर शिखराहूनही निसरडा आहे. आपल्या जुन्या ऋतुचक्रात हेमंत आणि शिशिर मिळून मार्गशीर्ष ते फाल्गुन असे चार महिने थंडीचे. भारतीय हवामान विभाग मात्र आपल्या वर्गीकरणात जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोनच महिने हिवाळ्याचे धरतो. डिसेंबर त्याच्या लेखी मॉन्सूनोत्तर काळात मोडतो. ब्रिटनमधले हवामानशास्त्रज्ञ डिसेंबर ते फेब्रुवारी हिवाळा मानतात, तर खगोलशास्त्राच्या हिशेबाने तो २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन २० मार्चच्या आसपास संपतो. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म नावाच्या शिखरावर एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. तिथे २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा झोत ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर वेगाने आल्याची नोंद आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे ध्यानात घेऊन या आकड्याकडे पाहा. आणि हा दिवस हवामानशास्त्राच्या कोष्टकात चक्क वसंत ऋतूतला!

सगळे मन्रो एकाच हिवाळ्यात चढून जाण्याचा विक्रम प्रथम केला तो मार्टिन मोरन यांनी, १९८४-८५ साली. त्या वेळच्या यादीतली २७७ शिखरे त्यांनी ८३ दिवसांत पुरी केली. वर सांगितलेली दोन्ही बाद शिखरे तेव्हा यादीत होती. त्यांची पत्नी जॉय मोटारगाडीतच संसार थाटून त्यांना एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत नेत असे, आणि कितीतरी शिखरांवर स्वतःही जात असे. पुढे २००५-०६ च्या हिवाळ्यात स्टीव्ह पेरी यांनी हीच फेरी केली, पण एका डोंगरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतरसुद्धा पायी तोडून. वहीत दोन्हींची नोंद 'एका हिवाळ्यात सर्व मन्रो' अशीच होईल. पण दोन्ही गोष्टी एकच आहेत का? मोरन यांचे काम कमी ठरले असे मुळीच नाही. ते वेगळे होते, आणि ते वेगळेपण आकड्यात दिसत नाही, एवढेच.

स्कॉटलंडमधला हिवाळी आकडा आणि सह्याद्रीतला हिवाळी आकडा यांचीही तुलना करू नका. तिथे डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा असतो. पुण्यात त्याच सुमारास तो अकरा तासांचा असतो. हवेत वर चढू लागले की दर १००० मीटरांमागे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशीच तपमान ४-५ अंश सेल्सिअस असेल तर मन्रोच्या माथ्यावर बर्फ गोठणार हे उघड आहे. त्यात ढग खाली उतरले, की जमीन, बर्फ आणि आकाश यांचा रंग एक होतो. बेन नेव्हिसच्या माथ्यावरून अशा वेळी परत फिरायचे तर वाट दिसत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घळ. म्हणून तिथले लोक दोन आकडे पाठ करून जातात: माथ्यावरच्या खांबापासून नकाशावरील उत्तरेशी २३१ अंशांचा कोन धरून १५० मीटर, आणि मग २८२ अंशांच्या दिशेने खाली. होकायंत्र हाती धरून पावले मोजत उतरायचे. मोजणी म्हणावी तर ही! एक चुकले तर थेट कड्यावरून खाली.

आपल्याकडे उलट परिस्थिती आहे. सह्याद्रीत हिवाळा हा सगळ्यांत सोपा हंगाम. हवा कोरडी, नजर लांबवर जाते, टाक्यांत पाणी असते. तिथे हिवाळ्यातली दहा शिखरे म्हणजे मोठा पराक्रम. आपल्याकडे तीच दहा शिखरे जूनमध्ये किंवा भर मे महिन्यात केली तर पराक्रम ठरेल (आणि मी तो करा असे सांगणार नाही). आकडा तोच, पण त्याच्याबरोबर ठिकाण, महिना आणि हवा लिहिली नाही तर त्याला वजन नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो. तुमच्या वह्यांत चढलेल्या शिखरांची यादी असते. न चढलेल्यांची कुठे असते? ढग आले म्हणून, पाणी संपले म्हणून, कुणाचा पाय मुरगळला म्हणून, किंवा नुसता उशीर झाला म्हणून ज्या डोंगरावरून तुम्ही अर्ध्या वाटेवरून परतलात, त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. प्रयोगशाळेत दहा वेळा प्रयोग करून सहा वेळा उत्तर आले आणि वहीत फक्त तेच सहा उतरवले, तर तुमचे शिक्षक काय म्हणतील? तोच न्याय इथे लावा. नऊ शिखरे 'नऊपैकी नऊ' असतील तर एक अर्थ. 'चौदापैकी नऊ' असतील तर दुसरा. आणि माझ्या मते चौदापैकी नऊ लिहिणारा विद्यार्थी अधिक विश्वासाचा, कारण तो पाच वेळा विचार करून मागे फिरला आहे.

ही केवळ वहीच्या टापटिपीची गोष्ट नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिनबरोच्या एका शाळेतले विद्यार्थी केर्नगॉर्मच्या पठारावर पदभ्रमणाला गेले होते. पंधरा-सोळा वर्षांची मुले, म्हणजे तुमच्याच वयाची. पठार ओलांडून उंचावरच्या एका लहानशा आसऱ्याच्या झोपडीत रात्र काढायची असे ठरले होते. हिमवादळ सुरू झाले. अनुभवी मुलांची एक तुकडी कशीबशी पोचली. दुसऱ्या तुकडीला झोपडी सापडली नाही. तिला दोन रात्री उघड्या बर्फात काढाव्या लागल्या. पाच विद्यार्थी आणि एक शिकाऊ मार्गदर्शक मिळून सहा जण दगावले. त्यांची मार्गदर्शिका आणि एक विद्यार्थी असे दोघेच वाचले. तिथे कुणी शिखरे मोजत नव्हते, हे खरे. पण गाठायची जागा आधी ठरलेली होती. अशी जागा एकदा मनात पक्की बसली, की 'परत फिरू' हा शब्द उच्चारणे किती अवघड होते, हे डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दहावे शिखर, शेवटचा रविवार, मित्राचे बारा झालेले: या सगळ्या अशाच मनात बसलेल्या जागा आहेत. त्या झोपडीविषयी पुढे पुष्कळ वाद झाले. उंचावर आसरा आहे या भरवशावर लोक वादळातही पुढे जातात असे अनेकांचे म्हणणे पडले, आणि १९७५ साली ती काढून टाकण्यात आली.

आणि मोठा आकडा म्हणजे अंगावरचे चिलखत, असेही समजू नका. स्टीव्ह पेरी फेब्रुवारी २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्याच बेन होप या डोंगरावर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मार्टिन मोरन आपल्या हिमालयात, नंदादेवीच्या परिसरात, एका मोहिमेत हिमप्रपाताखाली सापडले. त्यांच्यासह आठ जण होते. भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने सात मृतदेह शोधून खाली आणले.

म्हणून वहीत एक रकाना वाढवा: 'परत फिरलो'. कुठून, किती वाजता, कशामुळे, एवढे तीन शब्द लिहिले तरी पुरे. पाच वर्षांनी ती वही चाळाल तेव्हा चढलेल्या शिखरांची पाने तुम्हांला फारसे काही शिकवणार नाहीत. या रकान्यातून मात्र तुमच्या भागात दुपारचे धुके कोणत्या महिन्यात येते, कोणत्या टाक्याचे पाणी जानेवारीतच आटते, आणि तुम्ही स्वतः घरून नेहमी किती उशिरा निघता, हे सारे कळेल.

शिक्षकांनाही इथे एक विनंती आहे. सर्वांत जास्त गड चढणाऱ्याला ढाल द्यायचा विचार कधी मनात आलाच, तर ती सर्वांत चांगल्या वहीला द्या. आकड्यासाठी बक्षीस ठेवले की मुले आकडा आणतात. कसा आणला ते विचारायला आपण डोंगरावर नसतो.

विचारायला कुणी नसते, ही गोष्ट मोठ्यांनाही लागू आहे. सर्व मन्रो प्रथम पुरे केले ते १९०१ साली, रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याने. शेवटच्या माथ्यावर त्याने आधी दगडांच्या राशीचे चुंबन घेतले आणि मग बायकोचे, असे सांगतात! पुढे त्याची टिपणे वाचणाऱ्यांना शंका आली, की बेन विव्हिस या डोंगरावर तो पावसामुळे माथ्याच्या आधीच परतला असावा. शिवाय स्काय बेटावरचा एक अतिशय अवघड सुळका त्याने चढलाच नव्हता. त्या वेळी तो सुळका यादीत स्वतंत्र डोंगर नव्हता, आज आहे. म्हणजे आजच्या नियमाने त्याची फेरी अपुरीच. खुद्द मन्रो १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचीही यादी पुरी झाली नव्हती. रॉबर्टसनवर मी खोटेपणाचा आरोप करणार नाही. त्याने पाऊस लागल्याचे टिपून ठेवले म्हणून तर आज आपल्याला शंका घेता येते. टिपण नसते तर शंकाही नसती, आणि ज्ञानही नसते.

एकच शिखर चढून कुणाचे काय झाले, हेही सांगायला हवे, नाही तर आकडा थोडा असलेले विद्यार्थी उगीच हिरमुसतील. १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग नावाचा एक हवामान-निरीक्षक जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रोज बेन नेव्हिस चढला. रोज, तोच डोंगर! वाटेत ठरलेल्या ठिकाणी आणि माथ्यावर तो वायुभार आणि तपमान यांच्या नोंदी करी, आणि त्याच वेळी त्याची पत्नी खाली समुद्रसपाटीजवळ नोंदी करी. शिखरांच्या हिशेबात त्याचा आकडा एक. पण त्याच्या या कामामुळे १८८३ साली माथ्यावर कायमची वेधशाळा उभी राहिली, आणि १९०४ पर्यंत तिथे उन्हाळा-हिवाळा, रात्रंदिवस, दर तासाला नोंदी झाल्या. हिवाळ्यात वेधशाळा बर्फात इतकी बुडे, की निरीक्षकांना मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. याच वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण दोन आठवडे राहिला. खालच्या ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती त्याला रंगीत वलये दिसली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कधी कधी दिसणारे इंद्रवज्र ते हेच. ती वलये प्रयोगशाळेत निर्माण करावीत म्हणून त्याने ढग तयार करण्याची खटपट सुरू केली, आणि तीतून अणुकणांचे मार्ग दाखवणारे अभ्रकोष्ठ निर्माण झाले. १९२७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

रॅग पतिपत्नींनी एकाच वेळी वर आणि खाली नोंदी का केल्या, हे ठाऊक आहे का? वायुभारमापकाने उंची काढताना, भार साधारण एक मिलिबार उतरला की आपण सुमारे ९ मीटर वर आलो असे धरतात. पण हवेचा भार एकाच जागी बसूनही बदलत असतो. आपल्याकडे तो रोज सकाळी दहाच्या सुमारास वाढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास घटलेला असतो; फरक तीन-चार मिलिबारांचा. म्हणजे सकाळी दहाला पायथ्याशी उपकरण जुळवून तुम्ही दिवसभर तिथेच झाडाखाली झोपून राहिलात, तरी चार वाजता ते तुम्हांला तीसएक मीटर उंच चढवून ठेवील! खाली एक साथीदार त्याच घड्याळाने नोंदी करीत बसला असेल, तर ही चूक वजा करता येते. हल्ली काही मोबाइल फोनांतही वायुभार मोजण्याची सोय असते, तेव्हा उपकरण नाही ही सबब चालणार नाही.

तर मग या हंगामात एक काम करून पाहा. भारतीय सर्वेक्षण खात्याचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा शाळेत असेल तर मिळवा. त्यात समोच्चरेषा साधारणतः २० मीटरांच्या अंतराने असतात. पुरंदर, भैरवखिंड आणि वज्रगड शोधा आणि रेषा मोजून खिंडीपासून वज्रगडाचा माथा किती उंच ते काढा. मग प्रत्यक्ष जा. एकाने खिंडीत बसावे, दुसऱ्याने माथ्यावर जावे, आणि दोघांनी दर पंधरा मिनिटांनी भार टिपावा. नकाशाचे उत्तर आणि तुमचे उत्तर किती जुळते ते पाहा. नंतर वहीत एक शिखर लिहायचे की दोन, ते ठरवा, आणि कोणत्या नियमाने ठरवले तेही शेजारी लिहा. दुपारी उशीर झाला, ढग आले आणि वज्रगड राहून गेला, तर तो शेवटच्या रकान्यात जाईल.